रूपावांचून नायिका

कादंबरीची नायिका म्हटली कीं ती लावण्यवती असावयाचीच, हा संकेत आपल्याकडे इतका मुरलेला आहे कीं त्याविषयीं कोणी शंका घेईल असें सहसा वाटत नाहीं. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची 'मुक्तामाला' १८६१ सालीं निघाली, नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा' १८६८ सालीं. या अद्भुतरम्य परंपरेंत नायिकेचें रूप आणि नायकाचा पराक्रम हीं जणूं जन्मतःच ठरलेलीं असतात. रिसबुडांनीं तर आपली अडचण प्रस्तावनेंत उघडपणें मांडली आहे. विवाहाच्या चालीमुळें व इतर कारणांमुळें आपल्या लोकांच्या आयुष्यांत मन वेधून घेणारे गुणहि नाहींत आणि अवगुणहि नाहींत, अशी त्यांची तक्रार. नित्याच्या व्यवहारांतलें माणूस कथेला पुरें पडत नाहीं, हें त्यांनीं गृहीतच धरलें होतें.

'मंजुघोषा' निघण्यापूर्वीं एकवीस वर्षें, इंग्लंडांतील यॉर्कशायर परगण्यांत हॉवर्थ नांवाच्या उजाड माळावरच्या गांवीं, एका पाद्र्याच्या मुलीनें हेंच गृहीत मोडून काढलें होतें. तिचें नांव शार्लट ब्राँटे.

हॉवर्थच्या त्या घरांत आईविना वाढलेल्या तीन बहिणी होत्या : शार्लट, एमिली आणि ॲन. रात्रीं नऊ वाजतां शिवणकाम बाजूला ठेवून त्या खोलींत येरझारा घालीत आणि आपापल्या कथांविषयीं बोलत. लिहिलेलें एकमेकींना वाचूनहि दाखवीत. अशाच एका बोलण्यांत शार्लटनें बहिणींना दोष दिला. नायिका सुंदर असणार हें धरूनच चालणें चूक आहे, नव्हे, नीतीच्या दृष्टीनेंहि तें चूक आहे, असें तिचें म्हणणें. त्यावांचून वाचकाचें मन ओढून घेतां येणार नाहीं, असें बहिणींनीं उत्तर दिलें. तेव्हां आपल्याइतकीच ठेंगणी व सामान्य रूपाची नायिका आपण उभी करून दाखवूं, आणि तीहि तुमच्या नायिकांइतकीच मनोवेधक होईल, असें शार्लटनें त्यांना बजावलें. हॅरिएट मार्टिनो या लेखिकेनें १८५५ सालीं शार्लटच्या मृत्यूनंतर लिहिलेल्या लेखांत हा प्रसंग नमूद केला आहे. 'जेन एअर' म्हणजे आपण स्वतः नव्हे, साम्य आहे तें रूपापुरतेंच, अशी पुस्तीहि शार्लटनें त्याला जोडली होती.

गोष्ट सांगावयास गोड आहे, परंतु तिच्यावर फार भार टाकूं नये. धाकटी बहीण ॲन हिची 'ॲग्नेस ग्रे' १८४६ च्या उन्हाळ्यापर्यंत लिहून झाली होती, आणि तिची नायिकाहि रूपाचा दिमाख नसलेली एक गरीब शिक्षिकाच. तेव्हां ही कल्पना बहिणींना अगदींच परकी होती असें नव्हे. शार्लटचा खरा झगडा बहिणींशीं नव्हताच. तो तिच्या स्वतःच्याच बाळपणाशीं होता.

१८२६ सालीं वडिलांनीं मुलासाठीं लांकडी शिपाई आणले. त्या बारा शिपायांभोंवतीं चार भावंडांनीं एक राज्य उभारलें, आणि पुढें शार्लट व तिचा भाऊ ब्रॅनवेल यांनीं त्यांतून अँग्रिया नांवाचा दुसरा देश निर्माण केला. (इंग्रजांच्या जुन्या कागदांत आपल्या आंग्र्यांना हेंच नांव दिलेलें आढळतें, मराठी वाचकाचा कान येथें टवकारल्याशिवाय राहत नाहीं.) या अँग्रियाचा राजा झमोर्ना. रूपवान, पराक्रमी, निर्दय, स्त्रियांना वेड लावून मग त्यांना विसरणारा. नखाएवढ्या अक्षरांत, मुठींत मावतील अशा वह्यांतून, शार्लटनें कित्येक वर्षें या झमोर्नाच्या कथा लिहिल्या. शाळेंत शिक्षिका म्हणून राबत असतांहि तिचें चित्त त्या राज्यांतच असे. वीस वर्षांची असतां तिनें आपल्या कविता राजकवि रॉबर्ट सदी याच्याकडे पाठविल्या. वाङ्मय हा स्त्रीच्या आयुष्याचा व्यवसाय होऊं शकत नाहीं, असें त्यानें १८३७ च्या मार्चमध्यें कळविलें, आणि या उत्तराबद्दल तो आजवर बदनाम आहे. परंतु त्याच पत्रांत दिवास्वप्नांच्या नादानें मन बिघडतें असाहि इशारा होता. पहिला उपदेश तिनें मानला नाहीं, हें वाङ्मयाचें भाग्य. दुसऱ्यांत मात्र तथ्य होतें, आणि तें तिलाहि उमगत होतें. १८३९ च्या सुमारास लिहिलेल्या एका टिपणांत तिनें अँग्रियाचा निरोप घेतला : त्या झगझगीत, तापलेल्या देशांतून बाहेर पडून आतां मंद उजेडाच्या, थंड हवेच्या प्रदेशांत जावें, अशा अर्थाचा.

हा प्रदेश तिला लगेच सांपडला नाहीं. 'द प्रोफेसर' या पहिल्या कादंबरींत तिनें सगळाच साजशृंगार काढून टाकला. नायकानें स्वतःच्या श्रमानें पोट भरावें, न कमावलेला एक पैसाहि त्याला मिळूं नये, रूप व हुद्दा तर दूरच, असा तिचा कडक नियम. एकामागून एक प्रकाशकांनीं हें पुस्तक परत केलें, आणि तें तिच्या मृत्यूनंतर १८५७ सालींच छापलें गेलें. आज त्यांतला क्रिम्सवर्थ कोणाच्या ध्यानांत आहे ? सुंदर नायक सोडून साधा नायक घेतला कीं काम झालें, असें असतें तर क्रिम्सवर्थ अमर झाला असता. त्याला कशाची भूक नाहीं. त्याचें मोडण्यासारखें कांहीं नाहीं. प्रकाशकांचें सगळेंच चुकलें असें म्हणवत नाहीं.

१८४६ च्या ऑगस्टमध्यें वडिलांच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठीं ती त्यांना मँचेस्टरला घेऊन गेली होती. शस्त्रक्रियेच्याच दिवशीं 'द प्रोफेसर'चें हस्तलिखित पुन्हां एकदां नाकारलें जाऊन तिच्या हातीं आलें. वडील अंधाऱ्या खोलींत डोळे बांधून पडलेले. त्या परक्या घरांत तिनें 'जेन एअर' लिहावयास घेतली. पुढल्या वर्षीं ऑक्टोबरमध्यें ती करर बेल या टोपणनांवानें तीन भागांत प्रसिद्ध झाली.

या कादंबरींतील नायकाचा प्रवेश पाहण्यासारखा आहे. जेन ही अठरा वर्षांची अनाथ मुलगी, सालीना तीस पौंडांवर थॉर्नफील्डच्या वाड्यांत गव्हर्नेस म्हणून, म्हणजे घरीं राहून मुलीला शिकविण्यासाठीं, आलेली. जानेवारींतल्या एका संध्याकाळीं ती टपालाचें पत्र टाकावयास निघते. मागून घोड्याच्या टापा ऐकूं येतात. आजीबाईच्या गोष्टींतलें भूतच येत आहे असें क्षणभर तिला वाटतें. झमोर्ना असता तर तो घोड्यावरून तिच्याकडे एक कटाक्ष टाकून निघून गेला असता. येथें घोडा बर्फावरून घसरतो, स्वार खालीं आदळतो, त्याचा पाय मुरगळतो, आणि त्याला त्या लहानशा मुलीच्या खांद्यावर भार टाकून घोड्यापर्यंत लंगडत जावें लागतें. तो तरुण आणि देखणा असता तर आपण त्याच्याशीं बोलण्यास धजलोंच नसतों, असें जेन सांगते. त्याचा आडदांडपणा आणि कपाळावरच्या आठ्या यांनींच तिला धीर येतो. पुढें हा मालक, रॉचेस्टर, तिला एकदम विचारतो, कीं आपण तिला देखणे वाटतों काय. आणि ती विचार करण्यापूर्वींच नाहीं म्हणून जाते.

हा नकार दिसावयास लहान, पण त्यांतच या पात्रांचें सगळें बीज आहे. सुंदर नायिकेला बोलावें लागत नाहीं. ती दारांत उभी राहिली कीं लेखकाचें अर्धें काम होतें. जेनजवळ तें भांडवल नाहीं. तिच्याकडे कोणी पाहावें यासाठीं तिला कांहीं तरी म्हणावें लागतें, आणि जें म्हणावयाचें तें खरें असावें लागतें. रॉचेस्टरजवळहि रूप नाहीं. त्यामुळें त्याला प्रश्न विचारावे लागतात, चिडवावें लागतें, उत्तराची वाट पाहावी लागते. दोघांतलें प्रेम संभाषणांतून वाढतें, आणि म्हणूनच तें वाचकाला डोळ्यांदेखत वाढलेलें दिसतें. ब्लँच इंग्रॅम ही खरी सुंदरी त्याच दिवाणखान्यांत बसलेली असते. तिचें वर्णन करावयास शार्लट कसूर करीत नाहीं, पण तिच्या तोंडचें एक वाक्यहि आठवत नाहीं.

दुसरा नकार याहून कठीण. लग्नाच्या वेदीपाशीं रॉचेस्टरची पहिली बायको जिवंत असल्याचें उघड होतें; वेड लागलेली ती स्त्री वाड्याच्या वरच्या मजल्यावर कोंडलेली असते. तरीहि आपल्याबरोबर राहा म्हणून तो जेनची विनवणी करतो, आणि त्याचा युक्तिवाद बिनतोड वाटतो : हिला ना आई ना बाप, हिच्या वागण्यानें कोणाचें मन दुखावणार? जेनचें उत्तर एवढेंच, कीं दुसऱ्या कोणाला नसली तरी आपली कदर आपल्याला आहे. जितकी ती एकटी, तितकी ती स्वतःला जपणार. ती रात्रीं घर सोडते आणि माळरानावर उपाशी भटकते. ज्या मुलीला आयुष्यांत प्रथमच प्रेम मिळालें, तिनें तें असें टाकावें यांत जी किंमत आहे, ती क्रिम्सवर्थला कधींच द्यावी लागली नव्हती. १८४८ च्या डिसेंबरांत 'क्वार्टर्ली रिव्ह्यू'नें या नायिकेवर सडकून टीका केली. गरीब गव्हर्नेसनें इतका स्वाभिमान बाळगावा हेंच टीकाकार बाईंना खपलें नाहीं. पुस्तक नेमकें कोठें लागलें आहे, तें यावरून दिसतें.

तिसरा नकार हिंदुस्थानाशीं निगडित आहे. सेंट जॉन रिव्हर्स हा तरुण पाद्री ग्रीक पुतळ्यासारखा रेखीव चेहऱ्याचा. कादंबरींतलें सर्वांत देखणें रूप लेखिकेनें मुद्दाम त्याला दिलें आहे. त्याला धर्मप्रसारासाठीं हिंदुस्थानांत यावयाचें असतें. जेनला तो हिंदुस्थानी भाषा शिकवूं लागतो आणि बायको म्हणून बरोबर चलण्याचा आग्रह धरतो. बहीण म्हणून येतें, बायको म्हणून नाहीं, असें ती सांगते, कारण या माणसाला कार्य हवें आहे, ती नको आहे. शेवटीं ती रॉचेस्टरकडे परतते तेव्हां तो आंधळा झालेला असतो, एक हात गेलेला असतो. नायकाला इतकें झोडपण्याची जरूर होती काय, असा प्रश्न अनेकांनीं विचारला आहे, आणि तो गैर नाहीं. येथें लेखिकेचा हात थोडा जड पडला आहे. पण पहिल्या भेटींतला तो खांद्याचा आधार ज्याला आठवतो, त्याला हें अगदींच अनपेक्षित वाटत नाहीं.

हें सगळें ती लिही कशी ? गॅस्केलबाईंनीं १८५७ च्या चरित्रांत याचें मोठें हृद्य वर्णन केलें आहे. शार्लटची दृष्टि अधू. एका फळीवर कागदाचे तुकडे धरून ती डोळ्यांजवळ नेई आणि पेन्सिलीनें लिही. हवा तो शब्द सुचेपर्यंत ती थांबून राही. जवळचा म्हणून दुसरा शब्द घालीत नसे. कधीं आठवडेच्या आठवडे, कधीं महिनेहि लेखन बंद असे, आणि मग एके दिवशीं सकाळीं पुढची कथा स्वच्छ समोर उभी राही. थॉर्नफील्डपर्यंत पोंचल्यावर मात्र तिला थांबवेना; तीन आठवडे तिनें सारखें लिहिलें, आणि जेन वाड्यांतून बाहेर पडली तेव्हां लेखिकेलाच ताप भरला होता. अशा भरांतहि, म्हाताऱ्या टॅबी मोलकरणीला दिसत नाहीं म्हणून, बटाट्यांत राहून गेलेले काळे डोळे ती हळूच स्वयंपाकघरांत जाऊन कोरून काढी. तिला कळलें तर वाईट वाटेल म्हणून चोरून. पुढें एका कादंबरींत अफूच्या गुंगीचें हुबेहूब वर्णन आलें. अफू कधीं घेतली होती काय, असें गॅस्केलबाईंनीं विचारलें. कधींच नाहीं, असें उत्तर मिळालें. जें अनुभवलेलें नाहीं त्याचा ती झोंपण्यापूर्वीं रात्रीमागून रात्री विचार करी, आणि एके सकाळीं तें घडून गेल्यासारखें तिला स्पष्ट दिसे. दिवास्वप्नांची संवय गेली नव्हती. तिला कामाला जुंपलें होतें, एवढेंच.

या नायिकेची किंमत लेखिकेच्या जिवाला किती होती, याची साक्ष तिचे प्रकाशक जॉर्ज स्मिथ यांच्या आठवणींत सांपडते. सौंदर्याच्या बदल्यांत तिनें आपली सारी प्रतिभा आणि कीर्ति देऊन टाकली असती, असें त्यांना वाटे. स्मिथ स्वतः देखणे, तरुण, दिलदार. १८५३ च्या 'व्हिलेट' या कादंबरींतील डॉक्टर जॉन त्यांच्यावरूनच घेतलेला. वाचकाला वाटत राहतें कीं ल्यूसी स्नो या गरीब, अबोल शिक्षिकेचें त्याच्याशींच जमणार. तसें होत नाहीं, आणि याचें कारण शार्लटनें खुद्द स्मिथ यांनाच पत्रानें कळविलें : हा दैवाचा लाडका पुत्र, याला सुंदर, श्रीमंत, तरुण बायकोच मिळावयास हवी, ल्यूसीनें लग्न केलेंच तर तें त्या प्राध्यापकाशीं, ज्याचें पुष्कळ सोसावें लागेल आणि पुष्कळ क्षमा करावें लागेल अशा माणसाशीं. हा प्राध्यापक, पॉल इमॅन्युएल, बुटका, काळसर, तापट, हट्टी. ब्रुसेल्सच्या शाळेंत १८४२ पासून ज्या एजे नांवाच्या गुरूंपाशीं ती शिकली, त्यांची छाया त्याच्यावर आहे. झमोर्नापासून रॉचेस्टर, रॉचेस्टरपासून पॉल. नायक पायरी पायरीनें खालीं उतरत आला आणि तितकाच जवळ आला. मार्टिनोबाईंना हें पुस्तक आवडलें नाहीं. त्यांतलीं स्त्रीपात्रें प्रेमावांचून दुसरा विचारच करीत नाहींत, असें त्यांचें मत पडलें, आणि त्यावरून दोघींची मैत्री तुटली.

नायिकेच्या नांवाचाहि तिनें असाच कीस काढला. नांव थंड हवें म्हणून तिनें स्नो, म्हणजे हिम, असें ठेवलें. मग बदलून फ्रॉस्ट, म्हणजे दहिंवर, असें केलें. आणि पुन्हां स्नोवर आली, तेव्हां हस्तलिखित प्रकाशकाकडे गेलेलें होतें. शेवटाविषयीं वडिलांची इच्छा अशी, कीं नायक-नायिकेचें लग्न होऊन त्यांनीं सुखानें नांदावें. वृद्धापकाळीं त्यांना दुःखान्त सोसत नसे. पॉल समुद्रावर बुडाला हें तिच्या मनांत पक्कें ठरलेलें. तिनें वादळाचें वर्णन केलें, पुढचें पान मोघम ठेवलें, आणि ज्याला आशा हवी त्यानें ती ठेवावी अशी सोय करून दिली. पुस्तक निघाल्यावर पॉलचें काय झालें तें निश्चित कळवावें, अशी वाचकांचीं पत्रें येऊं लागलीं. तिनें उत्तर पाठविलें, तें असें बेतून कीं प्रश्न होता तेथेंच राहिला.