जुन्या शिकंज्यांची ओळख

सुताराच्या किंवा लोहाराच्या कामांत दोन हात नेहमींच कमी पडतात. एका हातांत पटाशी, दुसऱ्यांत ठोकणी. मग ज्या वस्तूवर काम करावयाचें, ती धरणार कोण? या तिसऱ्या हाताचें काम शिकंजा करतो. आज आपण त्याला बहुधा क्लॅम्प म्हणतों. प्रत्येक धंद्यानें आपल्या गरजेप्रमाणें हा तिसरा हात घडविला. आणि म्हणूनच धंदा ठाऊक नसला, म्हणजे त्याचें हत्यार समोर असूनहि ओळखूं येत नाहीं.

बीड जिल्ह्यांतील नेकनूर हें जनावरांच्या बाजारासाठीं ओळखलें जाणारें गांव. अशा बाजाराच्या गांवीं, पुण्याच्या जुन्या बाजारांत किंवा मुंबईच्या चोर बाजारांत जुनें लोखंड विकावयास येतें, तेव्हां त्यांत असे अनोळखी शिकंजे हटकून आढळतात. श्रोतेहो, हत्याराचें काम कळलें नाहीं, कीं त्याची किंमत लोखंडाच्या वजनावर येते आणि तें भट्टींत जातें. त्याहून वाईट म्हणजे तें भलत्याच कामाला जुंपलें जातें. यांतलें काय टळूं शकतें, हें पाहण्यासाठीं चार खुणा ध्यानांत ठेवाव्या.

पहिली खूण जबड्याची. जबड्यावर खाचा कोरलेल्या असल्या, तर तो लोखंड धरण्यासाठीं आहे असें समजावें; लांकडावर त्या खाचांचे वण उठतील. जबडा सपाट असून मळसूत्राच्या टोंकाला सैल फिरणारी चकती असली, तर मळसूत्र फिरतांना वस्तूवर घासूं नये, ही त्यांतील योजना होय. चामड्याचें अस्तर लावलेला, पाचर मारून आवळण्याचा लहानसा लांकडी शिकंजा अंगठी धरण्याचा. तो सोनाराच्या पेढीवरचा. जबड्यांना काटकोनाची खाच असली, तर तो तसबिरीच्या चौकटीचा कोपरा जुळविणारा. आणि जबडे हातभर लांब पण अगदीं अरुंद असले, तर ते करवतीसाठीं: कानशीनें दांत घासतांना पातें थरथरूं नये, म्हणून तें सबंध लांबीभर धरून ठेवावें लागतें.

दुसरी खूण सांगाड्याची. लांब पट्टी, तिला ओळीनें भोकें आणि त्यांत खिळा घालून अडविण्याचा सरकता जबडा, हा दाराच्या फळ्या सरसानें सांधण्याचा. दोन जाड लांकडी दांडे आणि त्यांना जोडणारीं दोन मळसूत्रें, हा पुस्तक बांधणाऱ्याचा. सांगाड्याचें तोंड जितकें खोल, तितकें कांठापासून आंत धरतां येतें. मात्र खोल तोंडाच्या सांगाड्यावर ताणहि अधिक येतो, म्हणून तो जाड घडवावा लागतो. खोल पण बारीक सांगाडा दिसला, तर तो हलक्या कामाचा, हें उघड आहे.

तिसरी खूण आट्यांची. चौकोनी आटे जोर देण्यासाठीं असतात, त्रिकोणी आटे सामान्यतः वस्तू बांधून ठेवण्यासाठीं. आटे मोजले, तर आणखीहि कांहीं कळतें. इंग्लंडांत व्हिटवर्थ यांनीं 1841 सालीं आट्यांचें एक ठरीव माप सुचविलें. त्याप्रमाणें अर्ध्या इंचाच्या मळसूत्राला एका इंचांत 12 आटे पडतात. 12 मिलिमीटरच्या नेहमीच्या मेट्रिक मळसूत्राचे आटे 1.75 मिलिमीटर अंतरावर, म्हणजे इंचांत सुमारें साडेचौदा. आपल्या देशांत मेट्रिक मापें 1958 पासून टप्प्याटप्प्यानें आलीं. परंतु इंची आटे त्यानंतरहि वापरांत राहिले, म्हणून एवढ्यावरून वय ठरवूं नये. उपयोग इतकाच, कीं भलती चाकी बळेंच फिरवून चांगले आटे बिघडत नाहींत.

चौथी खूण धातूची. ओतीव लोखंडाला आपण बीड म्हणतों. जिल्ह्याशीं त्याचें नामसादृश्य गमतीचें आहे. बिडाच्या वस्तूवर साच्याच्या दोन अर्धांची शीव बहुधा दिसते. सहाणेच्या चाकाला लावली असतां आंखूड, तांबूस ठिणग्या पडतात. पोलादाच्या लांब व लख्ख असतात. हा भेद महत्त्वाचा आहे, कारण पोलाद वांकून इशारा देतें आणि बीड इशारा न देतां तुटतें. म्हणून बिडाच्या शिकंज्याच्या मुठींत नळी घालून तो कधींहि आवळूं नये.

या खुणांनीं बहुतेक शिकंजे ओळखतां येतात. कांहीं मात्र फसवितात. एका बाजूला वाटी आणि वाटींत काजळी असलेला लहान शिकंजा सायकलच्या दुकानांतला: वाटींत इंधन जाळून त्या उष्णतेनें रबरी नळीवरचें ठिगळ पक्कें करीत. दुसरा फसविणारा नग जनावरांच्या बाजाराच्या गांवींच सांपडण्याचा संभव अधिक. लांब दांडे, मळसूत्र मुळींच नाहीं, अनेक सांध्यांनीं वाढविलेला जोर, आणि रुंद, बोथट जबडे. पाहणाऱ्याला वाटतें, नळ धरण्याची पकड असावी. वस्तुतः तें पशुवैद्याचें उपकरण आहे. बुर्डिझो या इटालियन पशुवैद्याच्या नांवानें तें ओळखलें जातें. कातडी न फाडतां आंतील रेतवाहिनी व रक्तवाहिन्या चिरडून बैल खच्ची करण्यासाठीं तें केलेलें आहे. त्यापूर्वींची ठेचण्याची रीत किती क्रूर होती, हें शेतकऱ्यांना सांगावयास नको.

त्या उपकरणाचें सारें मर्म दोन्ही जबडे सारख्या अंतरानें मिळण्यांत आहे. त्यानें एकदां नळ आवळला, कीं जबड्यांना खांच पडते किंवा ते तिरपे होतात. मग तोच नग पुन्हां बाजारांत येऊन एखाद्या गोऱ्ह्यावर चालविला गेला, तर कातडी फाटते, नाहींतर काम अर्धवट राहून मुकें जनावर व्यर्थ यातना भोगतें. म्हणून असा नग कोणत्याहि कारखान्यांत वापरूं नये. तो पशुवैद्याला दाखवावा, आणि तें काम त्यानेंच, भूल देऊन करावें.

शहरांतील पुष्कळ घरांच्या माळ्यावर वडीलधाऱ्यांची एखादी हत्यारपेटी पडून असते. तिच्यांतला शिकंजा हातीं आला, तर घासूनपुसून लखलखीत करण्याची घाई करूं नये. काजळी, सरस, चामडें, सोन्याचा कीस हेच त्याचे साक्षीदार असतात. आधीं ते पाहावे, जुन्या कारागिराला विचारावें, आणि जें कळेल तें चिठ्ठीवर लिहून ती चिठ्ठी हत्यारालाच दोऱ्यानें बांधून ठेवावी.