पाचामुखी परमेश्वर, पण केव्हा?

माणूस एकटा असताना एक विचार करतो आणि चारचौघांत जाऊन बसला की कित्येकदा दुसराच. लग्नघरी हसू आवरत नाही, मयताच्या घरी परक्याच्याही डोळ्यांत पाणी येते आणि सभेत टाळ्यांचा कडकडाट झाला की आपलेही हात आपोआप जुळतात. मग समूहाला स्वतःचे असे मन असते काय? आणि असलेच, तर त्याच्यावर विश्वास ठेवावा काय?

आपल्या मराठीने या प्रश्नाची दोन उत्तरे देऊन ठेवली आहेत. 'पाचामुखी परमेश्वर' ही म्हण आपण मोठ्या आदराने उच्चारतो आणि 'बारभाईंची शेती, काय लागेल हाती' असेही तितक्याच खात्रीने म्हणतो. दोन्ही म्हणी खऱ्या आहेत. कोणती केव्हा खरी, हे ओळखणे मात्र कठीण. या प्रश्नाचा सखोल विचार दोन-अडीच हजार वर्षांपूर्वी भूमध्य समुद्राकाठच्या ग्रीक आणि लॅटिन लेखकांनी केला. या दोन्ही भाषा संस्कृतच्या दूरच्या बहिणी होत. आणि आपल्या बेटावर रोज कानी पडणारी फ्रेंच ही तर लॅटिनचीच लेक. तेव्हा हे साहित्य आपल्याला अगदीच परके नाही. त्यातील काही प्रसंग आज वाचकांपुढे ठेवतो.

आरंभ होमरपासून करू. त्याच्या 'इलियड' या महाकाव्यात ट्रॉयच्या युद्धाची कथा आहे. त्यात पॅट्रोक्लस हा वीर मारला जातो. छावणीत बंदी करून आणलेली ब्रिसेईस नावाची स्त्री त्याच्या देहावर पडून विलाप करते. तिच्याबरोबर इतर बंदिनीही रडू लागतात. येथे कवी एक मोठी मार्मिक गोष्ट सांगतो. त्या बायका रडत होत्या पॅट्रोक्लसच्या निमित्ताने, पण प्रत्येकीच्या मनात होते ते स्वतःचेच दुःख. कोणाचा नवरा मारला गेला होता, कोणाचे गाव जळाले होते. पुढे याच काव्याच्या अखेरच्या सर्गात ट्रॉयचा म्हातारा राजा प्रायम आपल्या मुलाचा देह मागण्यासाठी शत्रूच्या तंबूत जातो. ज्याने मुलाला मारले त्या अकिलीसपुढे तो बसतो आणि दोघेही रडतात. एक मुलासाठी, दुसरा आपल्या दूरच्या बापासाठी आणि गेलेल्या मित्रासाठी. सर्वांचे दुःख एक झाले म्हणजे प्रत्येकाचे दुःख पुसले गेले असे नव्हे. आपापले दुःख घेऊनच माणसे एकत्र रडतात, हे होमरने फार पूर्वी ओळखले होते.

पुढे अथेन्स नगरीत या सामुदायिक भावनेला एक कायमचे घर मिळाले. ते म्हणजे नाट्यगृह. ग्रीक नाटकात दोन-तीन नटांबरोबर कोरस असे. कोरस म्हणजे एकत्र गाणारा, नाचणारा आणि बोलणारा समूह. शोकांतिकेत आधी बारा आणि पुढे पंधरा जण या समूहात असत. कधी ते नगरातील वृद्ध असत, कधी बंदिवान स्त्रिया, कधी खलाशी. राजाच्या घरात अनर्थ घडतो तेव्हा त्याची झळ सामान्य माणसाला कशी लागते, हे कोरसच्या तोंडून कळे. डायोनायसस देवाच्या वार्षिक उत्सवात नाटकांशिवाय समूहगीतांच्याही स्पर्धा होत. नगरीतील दहा गटांपैकी प्रत्येक गट पन्नास पुरुषांचा एक आणि पन्नास मुलांचा एक असे दोन वृंद उभे करी. म्हणजे केवळ या गीतांसाठीच दरवर्षी हजार नागरिक वर्तुळाकार उभे राहून गात व नाचत. गणपतीच्या दिवसांत फेर धरून झाकरी म्हणणाऱ्या आपल्या मंडळींना त्यातील आनंद वेगळा समजावून सांगायला नको.

या नाट्यगृहातील दोन घटना विशेष लक्षात ठेवण्याजोग्या आहेत. इ. स. पू. 494 मध्ये इराणी सैन्याने मिलेटस हे ग्रीक नगर जिंकून उद्ध्वस्त केले. अथेन्सचे त्या नगराशी जवळचे नाते होते. फ्रिनिकस नावाच्या नाटककाराने या विध्वंसावर नाटक लिहिले. इतिहासकार हिरोडोटस सांगतो की ते पाहताना सारे प्रेक्षागृह रडू लागले. परिणाम काय झाला? घरच्या दुःखाची आठवण करून दिली म्हणून नाटककाराला हजार द्राख्मांचा दंड झाला आणि ते नाटक पुन्हा कोणी करू नये असे ठरले. समूहाला स्वतःचे ताजे दुःख सोसवत नाही, असाच याचा अर्थ.

दुसरी घटना याच्या उलट. इ. स. पू. 480 मध्ये इराणी फौजांनी अथेन्स जाळले, आणि त्याच वर्षी सॅलॅमिसच्या सामुद्रधुनीत ग्रीकांनी इराणी आरमार बुडवले. त्यानंतर आठच वर्षांनी, इ. स. पू. 472 मध्ये, एस्किलसचे 'पर्शियन्स' हे नाटक झाले. आज उपलब्ध असलेल्या ग्रीक नाटकांत सर्वांत जुने ते हेच. नाटककार स्वतः मॅरेथॉनच्या लढाईत इराण्यांशी लढलेला. पण त्याने नाटक रचले ते इराणच्या राजदरबारात. कोरस इराणी वृद्धांचा, शोक इराणी राजमातेचा, आणि न परतलेल्या इराणी तरुणांची नावे एकामागून एक उच्चारली जातात. ज्यांची घरे जळाली त्याच लोकांपुढे शत्रूच्या आईबापांचा आक्रोश मांडला गेला, आणि स्पर्धेत या नाट्यसमूहाला पहिले बक्षीस मिळाले. समूहाचे मन संकुचितच असते असे म्हणणाऱ्यांनी हे उदाहरण जरूर आठवावे.

पण नाट्यगृहातील अश्रू आणि सभेतील निर्णय या निराळ्या गोष्टी आहेत. अथेन्समध्ये कायदे, युद्ध आणि तह हे सारे नागरिकांच्या सभेत हात वर करून ठरे. (स्त्रिया आणि गुलाम यांना त्यात स्थान नव्हते, हेही सांगितले पाहिजे.) लेस्बॉस बेटावरील मिटिलीनी या नगराने इ. स. पू. 428 मध्ये अथेन्सविरुद्ध बंड केले आणि पुढच्या वर्षी ते शरण आले. अथेन्सचे लोक संतापले होते. त्या रागाच्या भरात सभेने ठराव केला की मिटिलीनीतील सर्व प्रौढ पुरुषांना ठार मारावे आणि बायकामुलांना गुलाम म्हणून विकावे. हुकूम घेऊन जहाज त्याच दिवशी निघाले.

रात्र गेली. सकाळी लोकांना वाटू लागले की हे फार क्रूर झाले. दोषी थोडे आणि शिक्षा साऱ्या गावाला! पुन्हा सभा भरली. क्लीऑन म्हणाला, ठरले ते ठरले, आता मागे फिरणे म्हणजे दुबळेपणा. डायोडोटस नावाच्या वक्त्याने उलट बाजू मांडली. त्याने दयेची याचना केली नाही. घाई आणि राग हे शहाण्या निर्णयाचे दोन वैरी आहेत आणि सर्वांना मारण्यात अथेन्सचेच नुकसान आहे, असा त्याचा युक्तिवाद होता. हात वर झाले तेव्हा दोन्ही बाजू जवळजवळ सारख्याच होत्या, पण डायोडोटसचा पक्ष जिंकला.

लागलीच दुसरे जहाज निघाले. पहिले सुमारे एक दिवस व एक रात्र पुढे होते. मिटिलीनीच्या वकिलांनी खलाशांना मद्य आणि जवाचे पीठ दिले आणि वेळेवर पोचल्यास मोठे इनाम कबूल केले. वल्हवता वल्हवताच खलाशी मद्यात व तेलात कालवलेले पीठ खात, आणि पाळीपाळीने झोपत. वाराही आडवा आला नाही. पहिल्या जहाजावरचे लोक मात्र असल्या कामाला निघाल्यामुळे घाई करीत नव्हते. इतिहासकार थुसिडिडीस सांगतो की सेनापतीने हुकूम वाचला होता आणि अंमल व्हायचाच बाकी होता, इतक्यात दुसरे जहाज बंदराला लागले. नगर वाचले. अर्थात सगळेच वाचले नाहीत. बंडाचे पुढारी म्हणून पकडलेल्यांना, म्हणजे त्याच्या ग्रंथाप्रमाणे हजाराहून थोड्या अधिक माणसांना, देहदंड झालाच.

हीच सभा इ. स. पू. 415 मध्ये सिसिली बेटावर स्वारी करायला निघाली. साऱ्या शहराला त्या मोहिमेचे जणू वेड लागले होते. ज्यांना ती पटत नव्हती ते गप्प बसले, कारण विरोधी हात वर केला तर आपल्याला देशाचे वैरी समजतील अशी त्यांना भीती वाटली. दोन वर्षांत त्या फौजेचा संपूर्ण नाश झाला. सुमारे सात हजार कैदी सिराक्यूजच्या दगडाच्या खाणींत कोंडले गेले. बातमी अथेन्सला पोचली तेव्हा लोक वक्त्यांवर चिडले, जणू काही ठरावाला मत आपण स्वतः दिलेच नव्हते! समूहाचा हा विसराळूपणा आजही आपल्या परिचयाचा आहे.

अशा अनुभवांतून तत्त्वज्ञांचे दोन पक्ष झाले. प्लेटोचा गुरू सॉक्रेटिस याला इ. स. पू. 399 मध्ये नागरिकांच्याच न्यायसभेने मृत्युदंड दिला होता. त्यामुळे प्लेटोला गर्दीचा धसका होता. सभेत आणि नाट्यगृहात लोक टाळ्या व आरोळ्यांचा असा कल्लोळ करतात की तरुण माणसाचे शिक्षण त्या पुरात वाहून जाते, असे तो म्हणतो. त्याचा शिष्य अ‍ॅरिस्टॉटल इतका निराश नव्हता. पुष्कळांनी आपापल्या घरून काही आणून केलेली मेजवानी एकट्याने दिलेल्या जेवणापेक्षा सरस होऊ शकते, तसेच सामान्य माणसांचे एकत्रित मत एका शहाण्याच्या मतापेक्षा सरस ठरू शकते, असा त्याचा दृष्टान्त आहे. पण बारकाईने पाहा. मेजवानी सरस होते ती प्रत्येकाने काही निराळे आणले तर. सगळ्यांनी एकच पदार्थ आणला, किंवा निम्मे लोक भीतीने रिकाम्या हाताने आले, तर ती मेजवानी कसली? सिसिलीच्या सभेत नेमके तेच झाले होते.

रोमन लेखकांनीही या मनाच्या दोन्ही बाजू पाहिल्या. इ. स. पू. 55 मध्ये पॉम्पीने रोममध्ये मोठे खेळ केले आणि त्यात हत्तींची शिकार ठेवली. सुटकेची आशा संपल्यावर ते हत्ती करुण आक्रोश करीत जणू प्रेक्षकांनाच विनवू लागले. तेव्हा रक्तपात पाहायला आलेले तेच लोक रडत उठून उभे राहिले आणि पॉम्पीला शिव्याशाप देऊ लागले, असे प्लिनीने लिहिले आहे. सिसेरो त्या वेळी हयात होता. या प्राण्याचे माणसाशी काही नाते आहे अशी भावना लोकांत पसरली, असे त्याने मित्राला पत्रातून कळवले.

याच्या उलट गोष्ट सुमारे इ. स. 400 च्या सुमारास ऑगस्टीनने लिहून ठेवली. त्याचा मित्र अलिपिअस याला मारामारीच्या खेळांचा तिटकारा होता. सोबत्यांनी त्याला ओढतच रिंगणात नेले. त्याने डोळे घट्ट मिटून घेतले. पण कान उघडे होते. एक मल्ल पडला, गर्दीने प्रचंड आरोळी ठोकली आणि अलिपिअसने डोळे उघडले. त्या क्षणापासून तो आला होता तो माणूस उरला नाही, गर्दीतलाच एक झाला.

शेवटचा प्रसंग व्हर्जिलच्या 'ईनीड' काव्यातला. तो आपल्या बेटावरच्या घराघरांना जवळचा वाटेल. ट्रॉय जळाल्यावर उरलेले लोक नव्या भूमीच्या शोधात जहाजांतून भटकत असतात. सात वर्षे झाली, तरी किनारा सापडत नाही. सिसिलीच्या किनाऱ्यावर पुरुष खेळात दंग असताना बायका समुद्राकडे पाहत रडत बसतात. अजून किती पाणी कापायचे! एक देवदूती म्हातारीचे रूप घेऊन त्यांना चिथावते आणि त्या आपल्याच जहाजांना आग लावतात. पाऊस येऊन चार जहाजांखेरीज बाकीची वाचतात. इनियस त्यांना शिक्षा करीत नाही. ज्यांना पुढे जाववत नाही त्यांच्यासाठी तेथेच गाव वसवतो आणि बाकीच्यांना घेऊन निघतो. मुंबई बंदरातून निघालेल्या आपल्या पणज्यांनीही असेच काळे पाणी पाहिले होते. त्यांच्या मनात काय होते, हे कोणी लिहून ठेवले नाही. आगीमागचा थकवा ओळखून व्हर्जिलने तो निदान काव्यात तरी नोंदवला.

मग 'पाचामुखी परमेश्वर' केव्हा? या जुन्या ग्रंथांवरून आम्हाला असे वाटते की पाचांनाही निर्भयपणे बोलता आले पाहिजे, पाचांनी आपापले काही आणले पाहिजे, आणि रागात घेतलेला निर्णय दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासण्याची मोकळीक असली पाहिजे. आपली मंडळे लहान आहेत, आपल्या सभा त्याहून लहान. तेथे कोणाच्या जिवाचा प्रश्न नसतो. पण एखाद्या कुटुंबाला वाळीत टाकल्यासारखे वागवणे, एखाद्या कार्यकर्त्याला भर सभेत तोडून बोलणे, हेही एका घटकेच्या आवेशात ठरते आणि पुढे पिढ्यान्‌पिढ्या सलत राहते. अशा वेळी कोणी वडीलधाऱ्याने उठून 'आज घरी जाऊ, उद्या पुन्हा बसू' एवढे म्हटले तरी पुष्कळ झाले. मिटिलीनीचे नगर त्या एका रात्रीमुळेच वाचले.