विश्लेषण : गाणी ऐकण्यासाठी वायरलेस साउंडबार पुरेसा आहे का?

अमरावतीच्या राजकमल चौकात असो की अकोल्याच्या गांधी रोडवर, नवा टीव्ही घेणाऱ्याला दुकानदार एक प्रश्न हमखास विचारतो : 'सोबत साउंडबार देऊ का?' गिऱ्हाइकाचा उलटा प्रश्नही ठरलेला असतो, 'यावर गाणे चांगले वाजते का?' दुकानात त्याचे उत्तर बहुधा ॲक्शनपटातला एखादा स्फोट वाजवून दिले जाते. स्फोट दणदणीत वाजतो आणि सौदा होतो. गाण्याचा प्रश्न मात्र तसाच घरी येतो.

साउंडबार मुळात कशासाठी?

टीव्ही सपाट झाले आणि त्यांच्यातली स्पीकरची जागा गेली. पूर्वीच्या जाडजूड टीव्हीत समोर तोंड करून बसणारे स्पीकर आता पाठीमागे किंवा खालच्या बाजूला, बोटभर जागेत कोंबलेले असतात. त्यामुळे संवाद पुटपुटल्यासारखे येतात. ही उणीव भरून काढायला साउंडबार आला. त्याची रचना माणसाचे बोलणे स्पष्ट यावे आणि धमाका पोटात जाणवावा, या दोन गोष्टींसाठी असते. मालिका, बातम्या आणि क्रिकेट यांना एवढे पुरते. गाण्याला याहून थोडे जास्त लागते.

'वायरलेस'मुळे आवाज बिघडतो का?

लोकांचा संशय सर्वांत आधी ब्लूटूथवर जातो, पण खरा दोष तिथे फारसा नाही. सीडीवरचा आवाज सेकंदाला सुमारे १४११ किलोबिट माहितीचा असतो. ब्लूटूथची 'एसबीसी' ही सगळ्या उपकरणांत असणारी पद्धत तो दाबून जास्तीत जास्त ३२८ किलोबिटच्या आसपास आणते. घट मोठी दिसते. मात्र यूट्यूबवरचे गाणे मुळातच साधारण १२८ ते १६० किलोबिटचे असते आणि पेन ड्राइव्हवर भरून आणलेली भजने कित्येकदा त्याहून कमी दर्जाची. विहिरीतच पाणी नसेल तर पाइपाला दोष देऊन काय उपयोग?

फरक ऐकू येतो तो झांज, टाळ, घुंगरू अशा बारीक, चमकदार आवाजांत. तुकडोजी महाराजांच्या परंपरेतले खंजिरी भजन लावले आणि खंजिरीच्या चकत्यांचा छणछणाट चुरचुरल्यासारखा आला, तर ब्लूटूथवर किंवा मूळ फाइलवर शंका घ्यायला जागा आहे. मग तेच भजन वायफायवरून लावून पाहावे. वायफायचा साउंडबार गाणे थेट इंटरनेटवरून घेतो, त्यामुळे आवाज कमी दाबला जातो आणि मध्येच फोन आला तरी गाणे तुटत नाही.

एक खुलासा इथेच. 'वायरलेस' म्हणजे वायरच नाही असे नव्हे. पट्टीला एक आणि वेगळ्या सबवूफरला एक, असे दोन प्लग लागतातच.

मग अडचण कुठे आहे?

पट्टीच्या लांबीत, आणि पट्टी व सबवूफर यांच्या वाटणीत.

स्टिरिओ गाण्यात गायक मधोमध, सतार एका बाजूला, व्हायोलिन दुसऱ्या बाजूला असे चित्र उभे राहते. त्यासाठी दोन स्पीकर आणि ऐकणारा यांचा समभुज त्रिकोण व्हावा लागतो, म्हणजे ऐकणाऱ्याच्या दृष्टीने दोन स्पीकरमध्ये ६० अंशांचा कोन. नव्वद सेंटिमीटरचा साउंडबार नऊ फुटांवरून ऐकला, तर हा कोन वीस अंशही भरत नाही. सगळा वाद्यवृंद एका पाटावर दाटीवाटीने बसवल्यासारखा वाटतो. 'सराउंड' किंवा 'थ्रीडी'चे बटण दाबून तो पसरवता येतो, पण गायकाचा आवाज त्या नादात जागा सोडतो आणि पोकळ होतो. गाण्यासाठी ते बटण बंदच ठेवावे.

दुसरी गोष्ट दुकानात कोणी सांगत नाही. साध्या साउंडबारमध्ये दोन-अडीच इंची छोटे स्पीकर असतात. साधारण १५० ते २०० हर्ट्‌झच्या खालचा आवाज त्यांना पेलत नाही, म्हणून तो सबवूफरकडे पाठवला जातो. आता गाण्याच्या भाषेत पाहू. अनेक पुरुष गायक काळी एकच्या आसपास गातात. काळी एकचा षड्ज सुमारे १३९ हर्ट्‌झ, तर तानपुऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, सुमारे ६९ हर्ट्‌झ. म्हणजे गायकाचा षड्ज नेमका त्या वाटणीच्या सांध्यावर पडतो. तो मंद्र सप्तकात उतरला की आवाजाचा पाया कोपऱ्यातल्या डब्यातून आणि वरचा भाग टीव्हीखालून येऊ लागतो. साधारण ८० हर्ट्‌झच्या खालचा आवाज कुठून येतो हे कानाला कळत नाही, पण १५०-२०० हर्ट्‌झचा कळतो. एकच माणूस दोन ठिकाणांहून गातो आहे, असे वाटण्याचे कारण हे. तबल्याचेही तसेच : चाट पट्टीतून, बायाँ सोफ्यामागून.

महागड्या, मोठ्या स्पीकरच्या साउंडबारमध्ये हा सांधा बराच खाली असतो, म्हणून ते गाण्याला बरे. खोक्यावरच्या वॅटच्या आकड्यावरून यातले काहीच कळत नाही. 'पीक' किंवा 'पीएमपीओ' असा शब्द जोडलेला आकडा तर पाहूच नये. आरएमएस वॅट लिहिले असतील तर तेवढे वाचावेत.

जुनी गाणी, नवी गाणी

कोणते गाणे ऐकायचे, यावर निम्मे उत्तर अवलंबून आहे. १ एप्रिल १९५५ पासून आकाशवाणी पुणे केंद्रावरून वर्षभर प्रसारित झालेले 'गीतरामायण' आणि पन्नास-साठच्या दशकांतली बहुतेक भावगीते मोनो, म्हणजे एकाच वाहिनीची आहेत. त्यांत डावे-उजवे मुळात नाहीच. अशा गाण्यांचे साउंडबारच्या अरुंदपणामुळे काही बिघडत नाही. उलट शब्द स्पष्ट येतात. घरात रोज सकाळी भक्तिगीते आणि रात्री भावगीते एवढेच लागत असेल, तर बरा साउंडबार खुशाल घ्यावा.

अमरावतीत जन्मलेल्या सुरेश भटांची गाणी असलेला 'उंबरठा' १९८२चा. जिल्ह्यातल्याच आष्टगावचे भीमराव पांचाळे गझल गातात तेव्हा शब्दाइतकाच दोन ओळींमधला थांबा महत्त्वाचा. तो थांबा, तबल्याची हलकी थाप, आलापीचा श्वास हे सारे स्वस्त साउंडबार झाकून टाकतो, कारण हळू आवाज वर आणि मोठा खाली अशी सपाटी तो आपोआप करत असतो. दुसऱ्या टोकाला 'सैराट'. अजय-अतुल यांनी त्याच्या संगीतासाठी लॉस एंजेलिसमध्ये सिंफनी ऑर्केस्ट्रा ध्वनिमुद्रित केला. त्या पसरलेल्या वाद्यमेळाचा बार्कावरूनसुद्धा झिंगाट दणका मिळतो, पसारा मिळत नाही.

वऱ्हाडातल्या घराचे काय?

इथे यंत्राइतकाच कूलरचा विचार करावा लागतो. मे २०२४ मध्ये उष्णतेच्या लाटेमुळे अकोल्यात कलम १४४ लावावे लागले होते. अशा दिवसांत डेझर्ट कूलर चोवीस तास चालतो आणि बैठकीच्या खोलीत त्याची घरघर माणसाच्या बोलण्याच्या तोडीची असते. तिच्याखाली तानपुरा बुडतो, म्हणून आपण आवाज वाढवतो. वाढवला की छोटे स्पीकर कर्कश होतात. एरवी गाण्यासाठी वर्ज्य असलेला 'नाइट मोड' या दोन महिन्यांत कामाला येतो, कारण तो हळू जागा उचलून वर आणतो.

शिवाय आपल्या बैठकीत खाली गुळगुळीत फरशी, भिंती उघड्या. आवाज आपटून परत येतो. एक जाड सतरंजी आणि खिडकीला जाड पडदा यांनी जो फरक पडतो, तो वरच्या किमतीचे मॉडेल घेऊनही पडेलच असे नाही. पट्टी शोकेसच्या कप्प्यात आत ढकलून ठेवू नये, ती काठावर यावी. सबवूफर कोपऱ्यात ठेवला की घुमतो. त्याला भिंतीपासून दीड-दोन फूट पुढे ओढावे आणि रिमोटवरून त्याची पातळी दोन पायऱ्या उतरवावी. तबला लगेच तबल्यासारखा वाजतो.

त्याच पैशात दुसरे काही?

टीव्ही मुख्य आणि गाणी अधूनमधून असतील, तर साउंडबारच. गाणी मुख्य असतील, तर ब्लूटूथ असलेली दोन सुट्या स्पीकरची जोडी घ्यावी. एकाच किमतीत तिचे गाणे बहुधा सरस ठरते, कारण डबे सहा फूट अंतरावर ठेवता येतात आणि प्रत्येकातला स्पीकर मोठा असतो.

अनेक घरांत माळ्यावर नव्वदच्या दशकातली दोन लाकडी डब्यांची म्युझिक सिस्टीम पडून असते. तिला मागे 'ऑक्स'चे भोक असेल, तर एक छोटा ब्लूटूथ रिसीव्हर जोडून ती पुन्हा वाजवता येते. स्पीकरच्या कडेचा फोम वर्षांनुवर्षांत कुजून गळतो, पण तो बदलून मिळतो. भंगारात देण्याआधी ती एकदा दुरुस्तीवाल्याला दाखवावी.

आणि कराओकेची हौस असणाऱ्यांसाठी : ब्लूटूथवरून आवाज पोहोचायला सेकंदाचा सुमारे पाचवा भाग उशीर होऊ शकतो. ऐकताना तो कळत नाही. माइकचा आवाजही त्याच वाटेने जात असेल, तर आपलाच सूर मागून येऊन ताल चुकवतो. गाणाऱ्यांनी वायर जोडायची जागा असलेलाच साउंडबार निवडावा. बऱ्याच नव्या मॉडेलमधून ती काढून टाकलेली आहे, तेव्हा खोके उघडण्याआधी मागची बाजू पाहून घ्यावी.