दूध तुटलेल्या वराहपिलांची हगवण आणि घरचें सोयाबीन

वाशीम जिल्हा आज मुख्यत्वें सोयाबीनचा आहे. सुगी आटोपली म्हणजे अनसिंगसारख्या गांवीं घरोघर पोत्यांची थप्पी लागते. ज्या शेतकरी बंधूंनीं लोकांच्या नाक मुरडण्याकडे लक्ष न देतां पांढऱ्या यॉर्कशायर जातीचीं डुकरें पाळलीं आहेत, त्यांस तेंच सोयाबीन भरडून पिलांस घालावें असें वाटणें स्वाभाविक आहे. त्यांत शेंकडा सुमारें 40 भाग प्रथिनें असतात, हेंही खरें. परंतु कच्चें सोयाबीन नुकत्याच दूध तुटलेल्या पिलास फार बाधतें.

याचें कारण असें कीं, कच्च्या दाण्यांत प्रथिनें पचविणाऱ्या रसास अटकाव करणारें एक द्रव्य असतें. तें उष्णतेनें नष्ट होतें. नुसतें दळल्यानें होत नाहीं. पिलाचें आंतडें तर आधींच नाजूक. त्यास आईच्या दुधाची संवय; पिठूळ अन्न पचविणारे रस त्याच्या पोटांत सावकाश वाढतात. आईपासून तोडल्यावर तें दिवस-दोन दिवस नीट खात नाहीं, आणि तेवढ्यांत आंतड्याच्या आंतील, अन्न शोषून घेणारी लव आखूड होते. मग भुकेलेलें पिलूं अधाशासारखें खातें, न पचलेलें अन्न आंत कुजतें, कोलाय नांवाचे जंतू बळावतात व पाण्यासारखी हगवण लागते.

उपाय महाग नाहीं. सोयाबीन रात्रभर भिजवावें, उकळी आल्यावर अर्धा तास शिजवावें, आणि वाळवून भरडावें. किंवा तेलाच्या कारखान्यांतील भाजलेली ढेप घ्यावी. आमची हयात महसुली कागदांत गेल्यामुळें प्रमाण आंकड्यांनींच देतों: मक्याची किंवा ज्वारीची भरड 60 भाग, ढेप 22, गव्हाचा कोंडा 15, क्षारमिश्रण अडीच व मीठ अर्धा भाग. ढेपेऐवजीं शिजविलेले दाणे घेतल्यास ते 26 व भरड 56 भाग धरावी. यांत प्रथिनें शेंकडा 17 ते 18 पडतात. अधिक घातल्यानें पिलूं लवकर वाढेल, हा समज या दोन आठवड्यांपुरता तरी सोडावा. न पचलेलें प्रथिनच आंत कुजत असतें.

हें खाद्य दहाव्या दिवसापासून आईजवळ असतांनाच चिमूटचिमूट पुढें ठेवावें आणि दूध तुटल्यावरही तेंच चालू ठेवावें. दिवसांतून चार-पांच वेळां थोडें थोडें द्यावें. पाणी सदैव स्वच्छ असावें. पावसांत भिजून काळी पडलेली ज्वारी माणसांस चालत नाहीं म्हणून डुकरांपुढें टाकण्याची चाल आहे. ती बुरशी पिलांस फार बाधते. हगवण लागलीच तर एक दिवस खाद्य निम्में करून मीठ-साखरेचें पाणी पाजावें व पशुवैद्यास दाखवावें.

कित्येक जण मात्र प्रथम औषधाच्या पुड्यांकडे धांवतात. कोलिस्टिन हें औषध अन्नासाठीं पाळलेल्या जनावरांकरितां बनविण्यास व विकण्यास भारत सरकारनें जुलै 2019 मध्यें बंदी केली. युरोपीय संघानें वाढीसाठीं खाद्यांत प्रतिजैविकें मिसळणें 1 जानेवारी 2006 पासून बंद केलें, आणि पिलांच्या हगवणीवर मोठ्या मात्रेंत दिला जाणारा जस्ताचा भस्मही जून 2022 पासून थांबविला. तेथील बड्या पशुपालकांसही मग आहाराकडेच वळावें लागलें.

आहारानें सर्व रोग हटतात असें मात्र कोणीं समजूं नये. आफ्रिकन स्वाइन फीवर ही सांथ 2020 मध्यें आसाम व अरुणाचल प्रदेशांत प्रथम आढळली. तिच्यावर औषध नाहीं. खाणावळीचें उष्टें न उकळतां घातल्यास ती कळपांत शिरूं शकते. मोठीं डुकरेंही ताप येऊन, कान लाल-निळे पडून मरूं लागलीं, तर त्याच दिवशीं पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावें, आणि कळपांतील एकही जनावर बाजारास नेऊं नये.