एलईडी बल्ब गेला, पुढे काय? आणि त्यात धंदा आहे का? एका दुकानदाराचा खरा हिशेब



मागच्या बॅचमध्ये एका ताईंनी उभं राहून विचारलं, "सर, बंद पडलेले एलईडी बल्ब गोळा करून रिसायकलिंगचा धंदा चालू करायचाय. बचत गटातून पन्नास हजार मिळतायत. टाकू का?" ताईंचं गावात छोटं जनरल स्टोअर आहे, मुलगा आयटीआय वायरमन. मी तिथल्या तिथे हो किंवा नाही म्हणालो नाही. पन्नास हजार ही काही लहान रक्कम नाही, आणि उद्या हप्ता ताईंना भरायचाय, मला नाही. व्हिडिओत वेळ कमी पडतो, म्हणून सगळं इथे नीट लिहितोय.

माझं स्वतःचं इलेक्ट्रिकलचं दुकान आहे. त्यामुळे ऐकीव नाही, गल्ल्यावर बसून बघितलेलं सांगतो.

आधी बघू, माल किती आहे

केंद्र सरकारची उजाला योजना ५ जानेवारी २०१५ ला सुरू झाली. त्या एका योजनेतूनच देशात ३६ कोटींहून जास्त एलईडी बल्ब वाटले गेले. दुकानांतून विकले गेले ते वेगळेच. आज ना उद्या हे सगळे बल्ब बंद पडणार. म्हणजे माल भरपूर आहे, यात शंका नाही.

पण लक्षात घ्या, माल भरपूर असणं आणि त्यात पैसा असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नवीन उद्योजक इथेच फसतो.

बल्ब जातो म्हणजे नक्की काय होतं?

खोक्यावर २५,००० तास लिहिलेलं असतं. रोज ५ तास लावला तर ५,००० दिवस, म्हणजे साडेतेरा वर्षांच्या वर. मग दोन-तीन वर्षांत कस्टमर दारात का उभा राहतो?

कारण एलईडी बल्ब म्हणजे नुसता दिवा नाही, ते एक छोटं यंत्र आहे. वर प्लास्टिकची टोपी. तिच्या खाली ॲल्युमिनियमची गोल प्लेट, त्यावर पिवळे ठिपके, तेच एलईडी. त्याखाली ड्रायव्हर, म्हणजे घरातली २३० व्होल्टची वीज एलईडीला चालेल अशी करून देणारं सर्किट. आणि शेवटी होल्डरमध्ये बसणारी पिनची कॅप.

बऱ्याच बल्बमध्ये हे ठिपके सिरीजमध्ये जोडलेले असतात. एक जळाला की सगळे बंद. टोपी काढल्यावर एखाद्या ठिपक्यावर काळा डाग दिसला, की समजायचं दुखणं तिथेच आहे. बल्ब फडफडत असेल तर बऱ्याचदा ड्रायव्हरमधला कपॅसिटर फुगलेला असतो. कपॅसिटरला उष्णता सोसत नाही. तापमान साधारण १० अंशांनी वाढलं की त्याचं आयुष्य निम्म्यावर येतं, असा इलेक्ट्रॉनिक्समधला ठोकताळाच आहे. म्हणून बंद झुंबरात किंवा हवा न खेळणाऱ्या फिटिंगमध्ये लावलेला बल्ब लवकर जातो. कस्टमरला हे विकतानाच सांगा. बल्ब जास्त टिकला तर तो पुन्हा तुमच्याकडेच येईल.

थोडक्यात, "गेलेल्या" बल्बमधला बराचसा भाग चांगलाच असतो.

विषारी आहे का?

हा प्रश्न प्रत्येक बॅचमध्ये येतो. एलईडी बल्बमध्ये पारा नसतो. पारा असतो सीएफएलमध्ये आणि जुन्या काचेच्या ट्यूबलाइटमध्ये. हे दोन प्रकार एका पोत्यात कधीच टाकू नका.

घरात सीएफएल फुटला तर पंखा बंद करा, खिडक्या उघडा आणि दहा-पंधरा मिनिटं खोलीबाहेर थांबा. नंतर जाड पुठ्ठ्याने तुकडे गोळा करा, बारीक चुरा ओल्या कागदाने टिपा आणि सगळं झाकणाच्या बरणीत बंद करा. झाडू किंवा व्हॅक्युम क्लीनर वापरू नका, त्याने पारा आणखी पसरतो.

एलईडीत पारा नाही म्हणून तो ओल्या कचऱ्यात टाकायचा, असंही नाही. त्यात सर्किट आहे, सोल्डर आहे, तांबं आहे. तो ई-कचरा आहे. ई-कचरा (व्यवस्थापन) नियम २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. त्यानुसार बाजारात माल आणणाऱ्या कंपनीवरच जुन्या मालाच्या रिसायकलिंगची जबाबदारी टाकली आहे, आणि रिसायकलरला केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर नोंदणी लागते. म्हणजे घराच्या मागे शेड टाकून "मी रिसायकलर" असा बोर्ड लावता येत नाही.

माझ्या दोन चुका

पहिली चूक. दुकान सुरू केल्यावर सहा महिन्यांचे बंद बल्ब एका पोत्यात साठवले आणि भंगारवाल्याला दिले. हातात पडले साठ रुपये. मी खूश. चार दिवसांनी ओढ्याकडच्या रस्त्याने जाताना बघितलं, तेच बल्ब ढिगात जळत होते. धातू सुटा करायचा म्हणून प्लास्टिक जाळलं होतं. शेजारी दोन पोरं काठीने राख उकरत होती. त्या धुराचा वास अजून आठवतो. साठ रुपये माझ्या खिशात आले आणि धूर त्या पोरांच्या छातीत गेला.

दुसरी चूक याहून मोठी. दुकानात कामाला असलेल्या मुलाला मी बल्ब रिपेअर शिकवत होतो. त्याने टोपी काढलेला बल्ब तसाच होल्डरला लावला, बटण चालू केलं आणि बोटाने प्लेट दाबून बघितली. झटका बसून तो स्टुलावरून खाली पडला. नशीब, फक्त कोपर फुटलं. त्याच्या आईसमोर उभं राहताना मला शब्द सुचत नव्हते. स्वस्त बल्बच्या ड्रायव्हरमध्ये ट्रान्सफॉर्मरची आडकाठी बऱ्याचदा नसते, त्यामुळे उघड्या प्लेटवर थेट लाइनची वीज येऊ शकते. हे मी त्याला आधी सांगायला हवं होतं.

म्हणून आमच्या दुकानाचे नियम आता असे आहेत:

- टोपी काढलेला बल्ब चालू असताना हात लावायचा नाही. टेस्टिंग सिरीज बोर्डवरच करायचं, आणि तिथेही हात लांब.
- बंद केल्यावरही थोडं थांबायचं, कारण कपॅसिटरमध्ये चार्ज शिल्लक असतो.
- उघडताना हातमोजे आणि चष्मा. काचेचा बल्ब असेल तर जास्तच जपून.
- लहान मुलांना या टेबलाजवळ येऊ द्यायचं नाही.
- काहीही जाळायचं नाही.

आता धंद्याचा हिशेब

धरून चला, तुम्ही १०० बल्ब सुटे केले. भाव तुमच्या गावाप्रमाणे बदलतील, पण पद्धत हीच ठेवा. १०० बल्बचं वजन पाच-सहा किलो. त्यात बहुतेक प्लास्टिक, ॲल्युमिनियम किलोभर, बाकी सर्किट आणि कॅप. भंगाराच्या भावाने सगळं मिळून दोनशे-अडीचशे रुपये धरा. एका बल्बला तीन मिनिटं म्हटलं तरी १०० बल्बला पाच तास लागतात. तासाला ६० रुपये मजुरी धरली तर झाले ३०० रुपये. गोळा करण्याचा रिक्षाखर्च अजून धरलेलाच नाही.

म्हणजे नुसतं तोडून विकण्यात तोटा आहे. रिसायकलिंग परवडतं ते टनावारी माल आणि मशीन असलेल्या नोंदणीकृत कारखान्याला. ते काम त्यांचं आहे.

मग आपल्यासाठी काय उरतं? तीन गोष्टी उरतात.

१. वॉरंटी. बऱ्याच चांगल्या बल्बला दोन वर्षांची वॉरंटी असते, पण बिल सापडत नाही म्हणून कस्टमर बल्ब फेकून देतो. विकताना बल्बच्या कॅपजवळ मार्करने तारीख लिहा. बदलून दिलेला जुना बल्ब डिस्ट्रिब्युटरमार्फत कंपनीकडे परत जातो. खर्च काहीच नाही, विश्वास मात्र मोठा.

२. रिपेअर. वॉरंटी संपलेल्या बल्बला प्लेट किंवा ड्रायव्हर बदलून देता येतो. सुटे भाग होलसेल बाजारात मिळतात. प्लेट १० रुपयांना पडली आणि तुम्ही ३० घेतले, तर कस्टमरचे नव्या बल्बचे पैसे वाचतात आणि तुमचे २० सुटतात. रोज दहा बल्ब आले तर २०० रुपये. लखपती होणार नाही, पण दुकानाचं लाइट बिल नक्की निघेल. वॅट आणि व्होल्टेज जुळणारेच भाग वापरा.

३. जमा करणं. दुकानात दोन खोकी ठेवा. एकावर लिहा "एलईडी", दुसऱ्यावर "सीएफएल आणि ट्यूब". जुना बल्ब आणला तर नव्यावर पाच रुपये कमी करा. हे पाच रुपये खर्च नाही, जाहिरात आहे. ज्याने बल्ब आणला तो होल्डर, वायर, पिनही तुमच्याकडूनच नेतो. खोकं भरलं की नोंदणीकृत रिसायकलरला किंवा नगरपालिकेच्या ई-कचरा संकलनात द्या आणि पावती घ्या. पुण्यात कचरावेचकांची 'स्वच्छ' ही सहकारी संस्था ई-कचराही गोळा करते. तुमच्या भागात असं कोण आहे ते एक फोन करून शोधा. पावती फ्रेम करून गल्ल्यामागे लावा. मी लावली आहे, लोक थांबून वाचतात.

मग ताईंना काय सांगितलं?

"ताई, पन्नास हजार यात टाकू नका. मुलाला तीन हजारांत सिरीज बोर्ड, सोल्डरिंग आयर्न, मल्टीमीटर, हातमोजे आणि थोड्या प्लेट घेऊन द्या. दुकानाच्या कोपऱ्यात एक टेबल. तीन महिने वहीत रोजचा हिशेब लिहा. वही हो म्हणाली, तर पुढचं बघू."

ताई थोड्या हिरमुसल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे हप्ता नाही, तर झोप तरी लागेल." मी म्हटलं, धंद्याचा पहिला प्रॉफिट तोच आहे.

तुमच्या घरात आत्ता किती बंद बल्ब पडलेत? ड्रॉवर उघडा, मोजा, आणि त्यातले किती वॉरंटीत आहेत ते बघा. गृहपाठ इथूनच सुरू. भेटू पुढच्या व्हिडिओत!