पडद्यावरची लाल एसटी

व्हिडिओ गेममध्ये चालवायला आवडती गाडी कोणती? १९८६ साली आलेल्या ‘आउट रन’मध्ये भुरळ घातली ती फेरारीच्या धर्तीवरील लाल गाडीने. आता मोबाइलवरच्या ‘बस सिम्युलेटर इंडोनेशिया’त खेळाडूंनी बनवलेली आपली लाल एसटीही धावते. महाड-पोलादपूरकरांना हीच अधिक जवळची. कशेडी, आंबेनळीची वळणे त्यांनी तिच्याच खिडकीतून पाहिली.

पडद्यावर गाडी दरीत गेली, तरी खेळ पुन्हा सुरू होतो. २ ऑगस्ट २०१६च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा जुना पूल कोसळला, दोन एसटी गाड्या पुरात वाहून गेल्या. तिथे दुसरा डाव नव्हता. मुलांनी एसटी जरूर चालवावी. शेजारी बसून मोठ्यांनी घाटात वेग आवरणाऱ्या चालकाचीही गोष्ट सांगावी.