नलिका आणि ट्रान्झिस्टर यांचा सांधा

१९४७ साली ट्रान्झिस्टरचा शोध लागला, तेव्हापासून त्याला निर्वात नलिकेचा प्रतिस्पर्धी मानण्याचा प्रघात पडला. घरगुती ध्वनियंत्रात मात्र दोहोंची जोडी जमविता येते. नलिका मोठ्या विद्युत्‌दाबावर व अल्प प्रवाहावर चालते. ध्वनिक्षेपकाचा रोध अवघा ८ ओहम. त्याला प्रवाह भरपूर हवा. तो ट्रान्झिस्टर जड रोहित्रावाचून पुरवितो. म्हणून दुर्बळ संदेशाचे प्रथम विवर्धन नलिकेकडे आणि अखेरचे ट्रान्झिस्टरकडे सोपवितात.

अडचण येते ती सांध्यावर. नलिकेच्या धनाग्रावरील शंभराहून अधिक व्होल्टांचा स्थिर दाब अडवून केवळ ध्वनिसंदेश पुढे सोडण्याकरिता मध्ये धारित्र बसवितात. समजा, ते ०.१ मायक्रोफॅरडचे आहे. पुढील विवर्धकाचा प्रवेशरोध १० लक्ष ओहम असेल, तर दर सेकंदास २० कंपनांचा स्वरही निर्वेध पार होतो. तोच रोध १०,००० ओहम असला, तर सुमारे १६० कंपनांच्या खालचे स्वर क्षीण होत जातात. डग्गा पोकळ वाटतो, तंबोऱ्याचा खर्ज हरपतो. आणि बोल लागतो तो बिचाऱ्या ट्रान्झिस्टरला! २.२ मायक्रोफॅरडचे धारित्र घातले की ही मर्यादा ७ कंपनांपर्यंत उतरते.

पण यंत्र सुरू करताना चढत्या दाबाचा धक्काही मग अधिक जोराने पुढे जातो. यास्तव नलिका तापेपर्यंत, सुमारे अर्धा मिनिट, ध्वनिक्षेपक तोडून ठेवणारा रिले बसवितात. वीज बंद केल्यावरही पुरवठ्याच्या धारित्रांत प्राणघातक भार उरतो. तो उतरल्याचे मापकावर पाहिल्याखेरीज जाणता कारागीर पेटीत हात घालीत नाही.